सव्वीस वर्षांचं दूध

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्याने फसवलं. मला दूध आवडत नाही. नुसतं नाक मुरडण्यापुरतं नाही, दुधाचा ग्लास समोर आला की माझा घसा आतून कडी लावून बसतो.

हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मी एकतीस वर्षं डेअरीत दूध तपासायचं काम केलं. सकाळी गाड्या धक्क्याला लागल्या की एकेका कॅनचं झाकण उचलायचं, झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्यायचा, चमचाभर दूध तोंडात घ्यायचं, जिभेवरून फिरवायचं आणि शेजारच्या बादलीत थुंकायचं. चांगलं असेल तर मान हलवायची. नसेल तर नुसतं बोट दाखवायचं, की तो कॅन आल्या पावली परत. ड्रायव्हर लोक मला नाकसाहेब म्हणायचे. हे तोंडावर. पाठीमागे काय म्हणायचे ते सांगण्यासारखं नाही. दिवसाला तीन-साडेतीनशे कॅन व्हायचे, आणि त्यातला एक थेंबही पोटात जाऊ द्यायचा नाही हा कामाचा पहिला नियम, नाहीतर दहाव्या कॅननंतर सगळंच सारखं लागतं. अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. दुसऱ्याच वर्षी मला दुधाची शिसारी बसली.

माझ्या बायकोचं म्हणणं वेगळं होतं. दिवसभर दुधाच्या मागे राबणाऱ्या माणसाला घरी आल्यावर घोटभर दूध मिळू नये, हा अन्याय आहे! त्यातून कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं की मी वाळत चाललोय. झालं. त्या दिवसापासून संध्याकाळी मी दारात पाऊल टाकलं की काचेचा उंच ग्लास तयार. काठोकाठ, कोमट, दोन चमचे साखर. बायको शिवणकाम करते. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, आणि त्या वेळी हमखास कुणीतरी गिऱ्हाईक बाई आरशासमोर हात पसरून उभी. टाचण्यांमुळे बायकोला बोलता यायचं नाही, ती नुसतं ग्लासाकडे बोट दाखवायची. बाहेर मी बोट दाखवून गाड्या परत पाठवत होतो, पण त्या बोटापुढे माझी काय टाप होती?

मग शक्कल लढवली. "जरा मोकळ्या हवेत पितो," असं म्हणून ग्लास घेऊन मागच्या जिन्यात जायचो. अर्धा मजला खाली कुलूपवाल्याची खोली होती. कुलपं दुरुस्त करणं, किल्ल्या बनवणं हा त्याचा धंदा. एकटा जीव, वयाने माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, आणि दूध म्हणजे त्याचा जीव की प्राण. तो एका दमात ग्लास रिकामा करायचा, मिशी पुसायचा, आम्ही दहा मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा हाणायचो आणि मी रिकामा ग्लास घेऊन वर यायचो.

"छान होतं," मी म्हणायचो.

ती मान डोलवायची. असं एक दिवस नाही, दोन दिवस नाही, मी निवृत्त होईपर्यंत सव्वीस वर्षं चाललं. चहा मी कोरा पितो, दह्या-लोण्याला हात लावत नाही, तर तिला वाटायचं ग्लासाने पोट भरतं माझं. मला खोटं बोलल्यासारखं कधी वाटलंच नाही. तिला पाजल्याचं समाधान, त्याला प्यायल्याचं, मला सुटल्याचं. तिघंही खूश असलेलं दुसरं खोटं मी तरी पाहिलेलं नाही.

फक्त एक अडचण होती. बायकोचं आणि कुलूपवाल्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एकदा त्याने "पाच मिनिटांसाठी द्या वहिनी" म्हणून तिची कापड कापायची मोठी कात्री नेली आणि त्या कात्रीने पत्रा कापला. शिवणारीची कात्री, आणि पत्रा! त्या दिवसापासून ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. जिन्यात तो दिसला तर ती भिंतीशी बोलायची. "काही लोकांना फुकटचं वापरायची सवय असते," हे ती भिंतीला सांगायची, आणि तो बिचारा तिचंच दूध पोटात घेऊन मान खाली घालून उभा असायचा.

तर हे सगळं असंच मजेत विसरून गेलो असतो. पण दोन वर्षांपूर्वी बायकोने माझ्यापुढे सुई धरली.

तिच्या सुईत दोरा मी ओवून देतो. लग्नापासूनचं माझं काम आहे ते, तिची नजर जवळची कच्ची. त्या दिवशी दोरा सुईच्या या बाजूला, त्या बाजूला, खाली, वर, सगळीकडे गेला, फक्त नेढ्यात जाईना. उजवा हात आपल्या मनाने थरथरत होता. मी म्हटलं, "दोरा खराब आहे." तिने दोरा घेतला नाही, माझा हात पाहत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी मला चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली, आणि मग विचारलं, "वास कधीपासून येत नाही तुम्हाला?"

माझी बोबडी वळली. कारण ही गोष्ट मी देवालासुद्धा सांगितली नव्हती. नोकरीची शेवटची तीन वर्षं नाकसाहेबाचं नाक बंद होतं! दोन फुटांवरचं नासलेलं दूध कळेना. जिभेला आंबट तेवढं कळायचं. बाकीचं मी ड्रायव्हरच्या तोंडावरून ओळखायचो. झाकण उचलायचं, नाक आत घालायचं, आणि भुवईखालून त्याच्याकडे बघायचं. ज्याचं दूध चांगलं तो जांभई देतो. ज्याचं नासलंय तो अचानक माझ्या तब्येतीची चौकशी करतो. तीन वर्षांत एकही कॅन चुकला नाही, विचारा कुणालाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की या आजारात असं होतं, हात थरथरायच्या कितीतरी आधी वास जातो. पार्किन्सन्स. पाहुण्याचं नाव असावं तसं नाव, पण हा पाहुणा जाणारा नव्हता.

"वासाचं तुम्ही मला कधी बोलला नाहीत," बायको बाहेर आल्यावर म्हणाली. आणि मग बसस्टॉपपर्यंत तिने माझी अशी हजामत केली की माझं पाऊल अडखळतंय हे मी विसरूनच गेलो. खरं सांगतो, त्या दिवशी मला तिच्या बोलण्याचा केवढा आधार वाटला. बायको ओरडतेय म्हणजे जग जागेवर आहे.

घोटाळा झाला तो मुलीमुळे. मुलगी शाळेत विज्ञान शिकवते. दर रविवारी येते आणि आम्हा दोघांना शेवटच्या बाकावरची मुलं समजून शिकवते. मागच्या वर्षी एका रविवारी ती कागदांचा गठ्ठा घेऊन आली. बाहेरच्या कुठल्याकुठल्या देशांत हजारो माणसांना वर्षानुवर्षं विचारून पाहिलं होतं, की काय खाता, काय पिता. ज्यांच्या आहारात दूध जास्त, त्यांच्यात हा आजार थोडा जास्त दिसला.

"थोडा," मुलगी म्हणाली. "आणि संबंध दिसला म्हणजे तेच कारण, असं नाही. हे मी आठवीच्या वर्गालासुद्धा सांगते."

पण आठवीच्या वर्गाने सव्वीस वर्षं नवऱ्याला दूध पाजलेलं नसतं. बायकोच्या हातातलं मशीनचं चाक थांबलं. "दूध?" ती म्हणाली. दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी घरातून दूध गेलं. दही गेलं, लोणी गेलं. पुढच्या भेटीत तिने डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "हे बघा, अमुक एका माणसाला दुधामुळेच झालं, असं कुणालाच सांगता येणार नाही. एवढंच पाळा, की गोळी दुधाबरोबर घ्यायची नाही. त्यातली प्रथिनं गोळीच्या वाटेत येतात." बायकोने यातलं नेमकं काय ऐकलं? 'दूध' आणि 'वाटेत येतं'.

आणि त्यानंतर ती बोलायची थांबली.

म्हणजे मुकी नाही झाली. गोड झाली! "तुम्हाला उशी देऊ का?" "पंखा कमी करू का?" "राहू द्या हो, मी उचलते." मी मुद्दाम ओला टॉवेल तिच्या शिवायच्या कपड्यांवर टाकला. एरवी त्या एका टॉवेलावर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. तिने तो मुकाट उचलून वाळत घातला. मी तिच्या खडूने वर्तमानपत्रावर मिशा काढल्या, टाचण्यांचा डबा उपडा केला, गिऱ्हाईक बाईला "हा रंग तुम्हाला शोभत नाही" म्हणालो. काहीच नाही. नुसती माझ्याकडे अशी बघायची, की मी काचेचा आहे आणि तडा तिने पाडलाय.

हात थरथरतो ते मी सोसलं. पायांत शिसं भरल्यासारखं होतं तेही सोसतो. पण ही गोड बाई मला सोसवेना. मला माझी बायको परत हवी होती.

एका दुपारी मी तिच्या मशीनसमोर खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "ऐक. मी ते दूध कधी प्यायलोच नाही."

तिने वर पाहिलं. मी सगळं सांगितलं. जिना, कुलूपवाला, मिशी, रिकामा ग्लास. सांगताना मला थोडं हसूही येत होतं. वाटलं, आता फुटेल बांध, आता कात्री भिरकावली जाईल.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती चांगले आहात हो तुम्ही," ती म्हणाली. "माझ्या जिवाला लागू नये म्हणून एवढं रचलंत."

घ्या! आयुष्यभर खोटं बोललो ते सगळं पचलं, आणि एकदा खरं बोललो तर कोण विश्वास ठेवतंय.

"अगं रचलं नाही, खरंच..."

"राहू द्या. मला माहीत आहे ना तुम्ही प्यायचात. मी त्यात मीठ घातलं होतं एकदा."

"मीठ?"

"चार चमचे. मुलीच्या शाळेत तिचं पहिलं भाषण होतं. येतो म्हणालात आणि आला नाहीत. डेअरीत कुणी साहेब आले होते म्हणून. ती पोर दाराकडे बघत भाषण विसरली." ती शिवणीवरून बोट फिरवत होती. "मी बॅग भरली होती त्या दिवशी. कॉटखाली होती. तिला घेऊन बहिणीकडे जाणार होते, कायमची. म्हटलं, जाताजाता एकदा तरी कळू दे कसं लागतं. तुम्ही ग्लास घेऊन गेलात, रिकामा घेऊन आलात, आणि म्हणालात, छान होतं."

मी तिचा खडू उचलला आणि परत होता तिथे ठेवला.

"मला वाटलं, कळलंय यांना. शिक्षा म्हणून मुकाट गिळलं. ज्या माणसाला आपली चूक एवढी कळते त्याला सोडून कुठे जायचं? रात्री तुम्ही झोपल्यावर बॅग रिकामी केली." तिने नाक पुसलं. "आणि आता म्हणे प्यायलोच नाही."

मला ना मीठ ठाऊक होतं ना बॅग. मला आठवत होतं ते एवढंच, की मी रोज 'छान होतं' म्हणायचो, त्या दिवशीही म्हणालो असणार.

आता बघा कशी पंचाईत झाली. खरं पटवून दिलं, तर माझ्या आजाराचं ओझं तिच्या डोक्यावरून उतरेल. पण ज्या एका घोटासाठी ती माझ्याकडे राहिली तो घोट कुलूपवाल्याचा होता, हेही कळेल. आणि पटवून नाही दिलं, तर ती अशीच गोड राहणार मरेपर्यंत. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. मी आठवडाभर तोंड शिवून बसलो. म्हटलं, जाऊ दे, कशाला हात दाखवून अवलक्षण?

पण एका सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर ती मुलीचे ते कागद घेऊन बसली होती. हातात भिंग. तिच्या कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूने एका शब्दाखाली तिने रेघ ओढली होती. मी मागून वाकून पाहिलं. 'दीर्घकाळ'. तिचे ओठ हलत होते. ती वर्षं मोजत होती.

मी तसाच मागच्या जिन्याने खाली गेलो.

कुलूपवाला आता ऐंशी पार. टेबलावर एक कुलूप उघडून चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग आत बसवत होता. हात असा स्थिर, की टेबल हलेल पण तो हलायचा नाही. सव्वीस वर्षांचं दूध प्यायलेला माणूस! देवाला विनोद कळतो, एवढं त्या क्षणी मला पटलं.

मी सगळं सांगितल्यावर त्याने चिमटा खाली ठेवला. "नाकसाहेब, वर यायला सांगू नकोस. तुझी बायको मला फाडून खाईल."

"खाऊ दे. तू दूध प्यायला आहेस तिचं."

"अरे पण इतक्या वर्षांनी..."

"मीठ लागलं होतं का कधी?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि मुकाट्याने चप्पल घातली.

रविवार होता, मुलगीही आलेली. कुलूपवाला दारात दिसला तशी बायको भिंतीशी बोलायला लागली. "काय हवंय म्हणे यांना?"

"वहिनी," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "दूध मी प्यायलोय."

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की हाच तो तुमचा खोटा साक्षीदार. पण मुलगी पुढे सरसावली. तिला आयता प्रयोग मिळाला होता. "काका, पुरावा काय?"

"पुरावा? दोन चमचे साखर असायची. थंडीत मध."

"ते बाबांनी सांगितलं असेल."

"मला मध ठाऊकच नाही," मी म्हणालो. आणि ते अगदी खरं होतं.

"वहिनी बहिणीकडे गेल्या की ते करपलेलं असायचं," कुलूपवाला म्हणाला. "तेव्हा तू तापवायचीस, बाळ. सायीत काळे कण असायचे. आणि एकदा त्यात खोडरबर होतं."

मुलीचा चेहरा लालबुंद झाला. खोडरबर तिने हरवलं म्हणून घरात शोधलं होतं आम्ही. आईकडे बघून तिने हळूच मान हलवली.

बायकोने टेप गळ्यातून काढून मशीनवर ठेवला. पहिल्यांदाच ती भिंतीशी नाही, कुलूपवाल्याशी बोलली. "आणि मीठ?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी होय म्हणून डोळे मिटले.

"एकदाच," तो म्हणाला. "जिना रंगवला होता त्या वर्षी. कठडा ओला होता म्हणून आम्ही दोघं टेकलो नव्हतो. पहिल्या घोटालाच कळलं. मला वाटलं, वहिनींना सगळं समजलंय आणि हा मला इशारा आहे."

"मग थुंकला का नाहीत?"

"हा समोर उभा होता ना. याला सांगितलं असतं तर हा घाबरला असता. आणि ग्लास भरलेला वर गेला असता तर याचं बिंग फुटलं असतं." त्याने मिशीवरून हात फिरवला. "प्यायलो. दोन दिवस पोट धरून होतो. पण दुसऱ्या दिवशी परत साखर होती, तेव्हा वाटलं, माफ केलं."

मग बायको खुर्चीत बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, मुलीने पाणी दिलं, ते तिने ढकललं. "म्हणजे... म्हणजे मी बॅग रिकामी केली," ती म्हणाली, "ती या पत्रा कापणाऱ्यामुळे!"

"कसली बॅग?" मुलगी म्हणाली.

"काही नाही. तू चहा टाक. काकांसाठी दूध घेऊन ये खालून, अर्धा लिटर." आणि मग ती माझ्याकडे वळली. आहाहा! ती नजर मी किती महिन्यांनी पाहिली. "आणि तुम्ही! निर्लज्ज माणसा! सव्वीस वर्षं! रोज माझ्या तोंडावर 'छान होतं'! भांडी मी घासायची, दूध मी तापवायचं, उतू गेलं तर ओटा मी पुसायचा, आणि साहेब जिन्यात समाजसेवा करतायत!" पुढचं सगळं मी सांगत नाही. सांगितलं तर तिच्या शब्दांचा मान राहणार नाही. कुलूपवाला दाराच्या चौकटीला चिकटून उभा होता. मी मात्र खुर्चीत आरामात बसून ऐकत होतो. असं वाटत होतं, की तिने आता थांबूच नये.

पण ती थांबली. एकदम, वाक्याच्या मध्येच.

"मग तुम्हाला कशामुळे झालं?" तिने विचारलं.

मी मुलीकडे पाहिलं. मुलगी खाली बघत म्हणाली, "ते कुणालाच माहीत नाही, आई."

"दुधाने नाही?"

"बाबांनी दूध घेतलंच नाही तर त्यांना दुधाने कसं होईल?"

बायकोचा चेहरा इतका रिकामा झालेला मी कधी पाहिला नव्हता. तिने पदराने तोंड झाकलं आणि ती रडायला लागली. आजाराचं नाव कळलं त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती, कागद आले त्या दिवशीही नाही. "मला वाटत होतं," ती म्हणाली, "दुधाने झालं असेल तर दूध बंद केलं की थांबेल. माझ्या हाताने झालं तर माझ्या हाताने थांबेल. म्हणून एवढं जपत होते. आता काय बंद करू मी?"

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी नाकसाहेब, माणसांच्या तोंडावरून दूध ओळखणारा, आणि घरातलं तोंड मला वाचता आलं नाही. मला वाटत होतं मी तिचं ओझं उतरवतोय. ते ओझंच तिने धरून ठेवलं होतं, कारण त्याच्याखाली आशा होती. मला माझीच लाज वाटली. कुलूपवाला आवाज न करता जिना उतरून गेला. मुलगी पिशवी घेऊन दूध आणायला गेली.

आम्ही दोघंच उरलो. माझा हात मांडीवर थरथरत होता, तो मी दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. रोज दाबतो तसाच.

मग तिने डोळे पुसले, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि टेपची गुंडाळी करत म्हणाली, "वासाचं खोटं. दुधाचं खोटं. अजून काय काय आहे?"

"म्हणजे?"

"सगळं सांगायचं. आज, आत्ता. पुढे तुम्हाला नीट बोलता येईल न येईल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत. मला काही शिल्लक नकोय. चला, सुरू करा."

बायकोने असं बोट दाखवल्यावर माझं कधी चाललंय? मी सुरू केलं. तू विणलेला तपकिरी स्वेटर बसमध्ये हरवला नाही, मी विसरल्यासारखं केलं. तो टोचायचा. "माहीत होतं," ती म्हणाली. तुझ्या बहिणीचं गाणं मला आवडत नाही. "कुणाला आवडतं? पुढे." तुझ्या वाढदिवसाला एकदा ओव्हरटाइम नव्हता, मी कुलूपवाल्याकडे पत्ते खेळत होतो. यावर तिने मला टेपचा फटका मारला, आणि तो चांगलाच लागला. निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांनी माझ्या नाकाचं कौतुक केलं तेव्हा मी मान खाली घातली, ती नम्रपणे नव्हे. "ते तर डॉक्टरीणबाईंकडेच कळलं. पुढे."

मी थांबलो. जिभेवर एक होतं, पण ते निघेना.

"पुढे," ती म्हणाली.

"मी सगळ्यांना सांगतो ना," मी म्हणालो, "की मला या आजाराची काही भीती वाटत नाही म्हणून. तुलाही सांगतो." माझा आवाज बारीक झाला होता, आणि ते नुसतं आजारामुळे नव्हतं. "तेही खोटं आहे. मला फार भीती वाटते."

तिने माझा दाबून धरलेला हात सोडवला आणि आपल्या मांडीवर घेतला. तो तिथे हवा तसा थरथरू लागला.

"हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला," ती म्हणाली. "पुढचं सांगा."